ओसाड विमानतळावरचे दोन दिवस : वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील लाइमस्टोन या गावी ‘इट’ नावाचा संगीत-मेळावा झाला होता. हवाई दलाच्या बंद पडलेल्या तळावर ‘फिश’ या एकाच बँडने दोन दिवस वादन केले आणि सुमारे साठ हजार श्रोते तेथेच तंबू ठोकून राहिले. त्या काळी मी नोकरीनिमित्त बॉस्टनला राहत असल्यामुळे मलाही तेथे जाता आले, आणि त्या दोन दिवसांच्या आठवणी मी मागील अंकात लिहिल्या होत्या. त्या लेखावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘जॅम बँड’ म्हणजे नेमके काय, हे लेखातून स्पष्ट होत नाही. शिवाय एका बँडसाठी साठ हजार माणसांनी देशाच्या टोकाला जाऊन रानात राहावे असे त्यात काय असते? बँडलाच शहरात येणे सोपे नव्हते का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : ज्यांच्या वादनात गाणे ही केवळ निघण्याची जागा असते आणि तेथून पुढे आपण कोठे जाणार हे वादकांनाही आधी ठाऊक नसते, अशांना जॅम बँड म्हणतात. ही परंपरा १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ग्रेटफुल डेड या बँडपासून मानली जाते. फिशची सुरुवात १९८३ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बर्लिंग्टन शहरात केली. ट्रे अनास्टासिओ गिटार वाजवतात, माइक गॉर्डन बास, जॉन फिशमन ड्रम आणि १९८५ पासून पेज मॅककॉनेल पियानो व ऑर्गन. (फिशमन अधूनमधून घरातला व्हॅक्यूम क्लीनर तोंडाशी धरून त्याचेही वादन करतात, आणि श्रोते त्याला गंभीर मैफलीइतकीच दाद देतात. प्रत्येक गोष्टीचा गंभीर अर्थ लावू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.)

रेडिओवर गाजलेली गाणी या बँडच्या नावावर जवळपास नाहीत. त्यांची कीर्ती प्रत्यक्ष कार्यक्रमांवर उभी आहे, कारण त्यांचा कोणताही कार्यक्रम दुसऱ्यासारखा नसतो. पुढे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी तेरा कार्यक्रम केले आणि त्या तेरांत मिळून एकही गाणे दुसऱ्यांदा वाजवले नाही. असे असले की श्रोता एका कार्यक्रमावर समाधान मानत नाही. तो गावोगाव मागे फिरतो, काल काय झाले याची नोंद ठेवतो आणि आज काय होईल याचे अंदाज बांधतो. अशा श्रोत्यांना दोन-तीन दिवस एकाच ठिकाणी मुक्कामाला बोलावले की त्याचा मेळावा होतो.

आता जागेविषयी. शीतयुद्ध संपल्यानंतर अमेरिकेने अनेक लष्करी तळ बंद केले. न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्गचा हवाई तळ १९९५ मध्ये बंद झाला आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये फिशचा पहिला मोठा मुक्कामी मेळावा, ‘क्लिफर्ड बॉल’, तेथेच झाला. लाइमस्टोनजवळचा लोरिंग तळ १९९४ मध्ये बंद झाला होता. १९९७, १९९८ आणि २००३ असे तीन मेळावे त्याच तळावर भरले. हजारो मोटारी पेलतील असे काँक्रीट, त्याभोवती मोकळे गवताळ रान आणि मध्यरात्री आवाजाची तक्रार करायला जवळपास वस्ती नाही, हे सर्व एका जागी दुसरीकडे कोठे मिळणार? एकेकाळी अण्वस्त्रे वाहून नेऊ शकणारी बी-५२ विमाने जेथे सज्ज असत, त्या धावपट्टीच्या कडेला मुले पतंग उडवत होती. मला हा बदल त्या दोन दिवसांतील कित्येक गाण्यांपेक्षा अधिक बोलका वाटला.

अडचण एकच, तेथे पोहोचण्याची. बॉस्टनहून हे अंतर साडेसहाशे किलोमीटरहून अधिक आहे. हमरस्ता हूल्टनला कॅनडाच्या सीमेवर संपतो आणि पुढे प्रेस्क आइल, कॅरिबू अशा लहान गावांतून, बटाट्याच्या शेतांमधून जाणाऱ्या साध्या रस्त्याने उत्तरेकडे जावे लागते. या भागात बटाट्याच्या काढणीसाठी शाळांना सुट्टी देण्याची प्रथा आहे, यावरून तेथील जीवनाची कल्पना यावी. शेवटच्या टप्प्यात मोटारींची रांग अक्षरशः मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि लोक गाड्यांतून उतरून शेजारच्या गाडीतील अनोळखी माणसांशी गप्पा मारत होते. मेळावा खऱ्या अर्थाने तेथेच सुरू झाला होता, असे आज वाटते.

प्रश्न : मी अनेक वर्षे रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला पहाटेपर्यंत बसलेला श्रोता आहे. आयत्या वेळी सुचलेले वाजवणे हेच वैशिष्ट्य असेल, तर आपल्या रागसंगीतात ते शतकानुशतके आहे. मग या मंडळींचे एवढे कौतुक कशासाठी? (एक संगीतप्रेमी, पुणे)

उत्तर : साम्य आहे, आणि त्यातील काही केवळ योगायोगाचे नाही. ग्रेटफुल डेडचे तालवादक मिकी हार्ट यांचा उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी १९६७ मध्ये परिचय झाला आणि त्यांच्याकडून त्यांनी लयीचे धडे घेतले. अकरा मात्रांत बांधलेली रचना एका अमेरिकन रॉक बँडच्या कार्यक्रमात यावी, यामागे तो संस्कार होता. पुढे हार्ट आणि उस्ताद झाकीर हुसेन यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले आणि त्यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. म्हणजे मुंबईचा तबला या परंपरेच्या घरात फार पूर्वीच पोहोचला आहे.

तरीही मला फरक मोठा वाटतो. आपल्याकडे कलाकार रागाच्या चौकटीत स्वतंत्र असतो. आरोह-अवरोह, वादी-संवादी, बंदिशीची सम हे सर्व त्याच्या पाठीशी उभे असते. शिवाय मुख्य कलाकार कोण आणि साथीला कोण, हे ठरलेले असते. फिशच्या वादनात चौघांचा दर्जा सारखा असतो आणि चौकट मोडून बाहेर पडण्याची मुभा असते. त्यांचे श्रोते यात दोन प्रकार मानतात: गाण्याची मूळ स्वरसंगती न सोडता केलेला विस्तार हा पहिला प्रकार, आणि स्वरसंगती, लय, अगदी गाण्याचा भावही मागे टाकून भलतीकडे निघून जाणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात कोणी एकजण नेतृत्व करू लागला की बहुधा सगळे बिघडते. म्हणून या चौघांनी सुरुवातीच्या काळात केवळ एकमेकांचे ऐकण्याचा सराव केला. एकाने छोटासा तुकडा सुरू करायचा, उरलेल्या तिघांनी त्याला पूरक काही जोडायचे आणि बाकीचे तिघे आपापल्या जागी स्थिरावले आहेत असे ऐकू आले की प्रत्येकाने तोंडाने तशी खूण द्यायची. स्वतःच्या वाजवण्याकडे लक्ष असणाऱ्याला ही खूण योग्य वेळी देताच येत नाही, हे या सरावाचे मर्म.

आणि आपण विचारलेल्या ‘कौतुका’विषयी म्हणाल, तर माझे उत्तर कदाचित आपल्याला अनपेक्षित वाटेल. या संगीतातील बराचसा भाग फसतो. लाइमस्टोनलाही काही वादने दहा-पंधरा मिनिटे दिशा शोधत फिरत राहिली आणि काहीच हाती न लागता संपली. चांगल्या गवयाची मैफल जमली नाही तरी राग उभा राहतोच. येथे न जमलेल्या वादनाला आधार देणारे काहीही नसते. साठ हजार माणसांसमोर असे फसण्याची तयारी ठेवणे, आणि त्या साठ हजारांनी तेवढा वेळ न ओरडता, न उठता थांबणे, हा एक करार आहे. तो दोन्ही बाजूंनी पाळला जातो म्हणूनच एखाद्या वेळी चौघांनाही न सुचलेली गोष्ट चौघांच्या हातून एकदम घडते. मी ज्याचे कौतुक केले होते तो हा करार. संगीत म्हणून तुलना करायचीच झाली, तर पहाटेच्या भैरवाशेजारी मी ते ठेवणार नाही.

प्रश्न : आपण तंबू, तारे आणि संगीत यांविषयी भरभरून लिहिले आहे. पण स्वच्छतागृहे, पाणी, खाणे आणि एकट्या बाईची सुरक्षितता यांविषयी एक ओळही नाही. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : जागेवर पोहोचल्यावर स्वयंसेवक मोटार ज्या ओळीत लावायला सांगतील, तिच्याशेजारची काही हात जमीन हे आपले घर. आम्ही तिघी होतो, दोघी मराठी आणि तिसरी आमची अमेरिकन सहकारी, जिच्या आग्रहाने आम्ही निघालो होतो. तिने पहिल्याच तासाला सांगितलेली गोष्ट फार उपयोगी पडली: तंबूवर उंच काठीला काहीतरी वेगळे बांधा, नाही तर रात्री हजारो सारख्या तंबूंत आपला सापडणार नाही. आम्ही एक जुनी बांधणीची ओढणी बांधली. दुसऱ्या दिवशी आजूबाजूचे लोक पत्ता सांगताना ‘त्या लाल फडक्यापासून चौथी ओळ’ असे सांगू लागले होते.

प्लास्टिकच्या फिरत्या शौचालयांच्या रांगा ठिकठिकाणी होत्या. पहिल्या दिवशी त्या वापरण्याजोग्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नाक दाबून जावे लागे. पहाटे साफसफाईच्या गाड्या येऊन जाताच उठून जाणे हाच शहाणपणा. अंघोळीचा विचार आम्ही सोडून दिला होता. उत्तर मेनमध्ये ऑगस्टमध्येही दिवसा ऊन लागते आणि रात्री स्वेटर लागतो, त्यामुळे ओल्या टॉवेलवर काम भागले. खाण्याची मात्र शाकाहारी माणसालाही अडचण नव्हती. तंबूंच्या मधल्या वाटांवर श्रोतेच छोट्या शेगड्या मांडून चीज सँडविच आणि राजमा-भाताचे बरिटो विकत होते. या बाजाराला ग्रेटफुल डेडच्या काळापासून ‘शेकडाउन स्ट्रीट’ म्हणतात. आमच्या शेगडीवरच्या कांदेपोह्यांना तेथे फारच चांगला भाव आला असता, पण आम्ही ते शेजाऱ्यांत वाटून टाकले.

सुरक्षिततेविषयी माझा अनुभव चांगला आहे, पण तो तिघी बरोबर असतानाचा आहे हे विसरून चालणार नाही. अनोळखी माणसे पाणी विचारत, रस्ता दाखवत. गर्दीत कोणी चक्कर येऊन बसले तर भोवतालचे लोक आपण होऊन कडे करत. तरीही मध्यरात्रीनंतर शौचालयापर्यंत जायचे असल्यास आम्ही दोघींनी मिळून, बॅटरी घेऊनच जात होतो. एकटीने जाणारीने आल्याबरोबर शेजारच्या तंबूंतील, शक्यतो कुटुंबासह आलेल्या, लोकांशी ओळख करून घ्यावी.

प्रश्न : मध्यरात्री बँडने विमानतळाच्या मनोऱ्यावर चढून वादन केले, हे वाचून विश्वास बसला नाही. त्याची घोषणा झाली नव्हती, तर लोकांना कळले कसे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : अनेकांना कळलेच नाही; ते झोपून राहिले आणि सकाळी ऐकून हळहळले. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम संपल्यावर लोक तंबूंकडे परतले होते. पहाटे अडीचच्या सुमारास तळाच्या जुन्या नियंत्रण मनोऱ्याच्या दिशेने घुमणारा आवाज येऊ लागला. आधी मला तो एखाद्या जनरेटरचा वाटला. थोड्या वेळाने त्यात चढउतार आहेत हे जाणवले आणि वाटेवरून लोक धावत जाताना दिसले. आम्ही पोहोचलो तेव्हा मनोऱ्यावर रंगीत प्रकाश खेळत होता आणि चौघेजण वर, माथ्यावर वाजवत होते. गाणे नव्हते, शब्द नव्हते, सुरुवातीला धरून ठेवावा असा तालही नव्हता. लांबच लांब स्वर एकमेकांवर येत होते आणि विरत होते. सुमारे तासभर हे चालले. खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणी फारसे नाचत नव्हते. काहीजण गवतावर आडवे होऊन आकाशाकडे पाहत होते.

अशी अघोषित भेट देण्याची त्यांची रीत जुनी आहे. १९९६ च्या मेळाव्यात ते पहाटेच्या वेळी उघड्या मालमोटारीवर वाद्ये मांडून तंबूंच्या वस्तीतून वाजवत फिरले होते. १९९९ च्या अखेरीस फ्लोरिडातील सेमिनोल आदिवासींच्या बिग सायप्रस राखीव भूमीत त्यांनी नव्या वर्षाच्या मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे सात तासांहून अधिक, सलग वादन केले. जुने श्रोते आजही सर्वांत वरचे स्थान त्या रात्रीला देतात. मी तेथे नव्हते, त्यामुळे मनोऱ्याचीच बाजू घेईन.

प्रश्न : श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची परवानगी होती, असे आपण लिहिले आहे. यात बँडचे नुकसान नाही का? (एक ध्वनिमुद्रिका-संग्राहक, कोल्हापूर)

उत्तर : उलट, बँड मोठा झाला तोच त्यामुळे. ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. फिशनेही तोच मार्ग धरला. मंचासमोर मागच्या बाजूला उंच काठ्यांवर मायक्रोफोनांचे जंगलच उभे असे आणि त्याखाली बसलेली माणसे बोलणाऱ्याकडे अशा नजरेने पाहत की ग्रंथालयातील शिपाईही मवाळ वाटावा. अट एकच असे, ती म्हणजे विक्री करायची नाही. आधी कॅसेट, मग सीडी टपालाने देवघेव होत देशभर फिरत, आणि ज्याने बँडला कधी पाहिलेही नाही तो पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट काढी. गाण्याची नक्कल फुकट मिळाल्याने ज्याची विक्री घटते त्याच्यासाठी हे नुकसान असेल; ज्याचा माल दर रात्री नवा असतो त्याच्यासाठी ती जाहिरात ठरते. २००३ पर्यंत तर बँड स्वतःही आपले कार्यक्रम झाल्यानंतर काही दिवसांतच इंटरनेटवरून विकू लागला होता, आणि तरीही हौशी मुद्रकांची जागा काढून घेतली गेली नाही.

प्रश्न : आपले वर्णन वाचून वारीची आठवण झाली. ही त्यांची वारीच नव्हे का? (अनेक वाचक)

उत्तर : नाही. तिकीट काढून करमणुकीसाठी जाणे आणि पिढ्यान्‌पिढ्या पायी पंढरीला जाणे यांत गर्दी आणि तंबू एवढेच समान आहे.

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेलावेअरमधील डोव्हर येथे फिशचा चार दिवसांचा मेळावा झाला, त्याला तो मित्रांबरोबर जाऊन आला आणि आता पुन्हा अशाच ठिकाणी जाण्याचे म्हणतो. तेथे अमली पदार्थ चालतात असे ऐकते. त्याला अडवावे का? (एक आई, नागपूर)

उत्तर : आपण ऐकले ते खोटे नाही, आणि मागील लेखात मी तो विषय टाळला असे काही वाचकांनी लिहिले, म्हणून येथे स्पष्ट सांगते. या मेळाव्यांत गांजा उघड असतो आणि त्याहून धोक्याच्या गोष्टीही असतात. मोटारतळावर नायट्रस ऑक्साइड वायूने भरलेले फुगे विकणाऱ्या टोळ्या हा तर श्रोत्यांच्याही संतापाचा विषय आहे. त्याचबरोबर, व्यसनमुक्त राहून संगीत ऐकू इच्छिणाऱ्यांचा एक गट, ‘फेलोशिप’, फिशच्या कार्यक्रमांत मध्यंतराच्या वेळी एका मेजाभोवती जमतो. पिवळे फुगे ही त्यांची खूण. ही रीत ग्रेटफुल डेडच्या ‘व्हार्फ रॅट्स’ या श्रोतागटाकडून आली. आम्ही तिघींनी ते दोन दिवस चहावर काढले आणि कोणी आम्हाला कशाचाही आग्रह केला नाही.

सज्ञान मुलाला नागपुरातून अडवता येणार नाही, आणि एकदा जाऊन आलेल्याला तर नाहीच. त्यापेक्षा त्याच्याशी मोकळेपणाने बोला. अनोळखी माणसाने दिलेले काहीही तोंडात घालायचे नाही, हे एक वाक्य पुरे. कानात घालायचे बोळे न्यावेत, कारण मंचाजवळ आवाज कानांना इजा होईल इतका मोठा असतो. पाणी स्वतःचे भरपूर न्यावे. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथील मेळावा पुरामुळे पिण्याचे पाणी दूषित झाल्याने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रद्द करावा लागला, आणि तोवर पुष्कळ लोकांनी तेथे तंबू ठोकलेही होते. परतीच्या दिवशी न झोपता मोटार चालवू नये, हे मी सर्वांत वर ठेवीन. माझ्या मते या मेळाव्यातील खरा धोका सोमवारी सकाळी रस्त्यावर असतो.

प्रश्न : पुन्हा जाल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तंबूत नाही. फिशने २००४ च्या ऑगस्टमध्ये व्हरमाँटमधील कॉव्हेंट्री येथे चिखलात निरोपाचा मेळावा केला आणि २००९ च्या मार्चमध्ये ते पुन्हा एकत्र आले. त्यानंतरचे त्यांचे वादन मी घरी बसून ऐकते आणि ते अधिक नेटके झाले आहे असे माझे मत आहे. फसण्याचे प्रमाण कमी झाले, त्याबरोबर माझी उत्सुकताही थोडी कमी झाली.

प्रश्न : हे संगीत कधीच ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी? (एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर : ग्रेटफुल डेडने ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमापासून करावी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात समाविष्ट केला आहे आणि तो इंटरनेटवर सहज मिळतो. फिशसाठी १९९५ चा ‘अ लाइव्ह वन’ हा संग्रह पुरेसा आहे. गाणी तुकड्यातुकड्यांनी ऐकू नयेत, आणि शब्दांच्या अर्थामागेही लागू नये. फिशच्या गाण्यांतील पुष्कळसे शब्द मुद्दाम वेडगळ आहेत. पहिल्या वेळी फक्त बास गिटारकडे लक्ष ठेवावे. गाण्याचे कडवे संपल्यावर ती नेहमीची जागा केव्हा सोडते हे कानाला कळू लागले, की पुढचे ऐकणे सोपे होते. अर्ध्या तासात कंटाळा आला तर खुशाल बंद करावे.